स्कॉटलंडमधला पूर्वज शोधताना : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

कोणाचे पणजोबा स्कॉटलंडहून मुंबई इलाख्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले, तर कोणाची सून स्कॉटिश असल्यामुळे नातवंडांना आईकडचे घराणे जाणून घ्यायचे असते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना आधी जन्माची नोंद हवी असते. आम्ही मात्र शोधाची सुरुवात मृत्यूच्या नोंदीपासून करतो.

स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ रोजी सुरू झाली. तिथल्या मृत्यूच्या नोंदीत मृताच्या आईवडिलांची नावे असतात, आईचे माहेरचे आडनावही असते. म्हणजे १८६० साली सत्तरीत वारलेल्या बाईची नोंद सापडली, तर १७९०च्या आसपास जन्मलेल्या मुलीचे आईवडील कोण ते कळते. ही माहिती कोणी दिली, हे आम्ही सर्वांत आधी वाचतो, कारण त्याचे नातेही तिथेच लिहिलेले असते. मुलाने सांगितलेले आजीचे नाव आणि शेजाऱ्याने सांगितलेले नाव यांवर सारखाच भरवसा ठेवता येत नाही.

यानंतर जनगणना. १८४१ पासून १९२१ पर्यंतच्या, दर दहा वर्षांच्या नोंदी पाहता येतात. १८४१मध्ये पंधरा वर्षांवरील माणसाचे वय बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहीत, त्यामुळे ६४ वर्षांचा माणूस ६०चा दिसतो. घरातली नातीही त्या वर्षी लिहिली नव्हती. आमच्या मते सर्वांत मोलाची ती १८५१ची जनगणना. तिच्यात नाते आहे आणि जन्माचे पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर, तेही आहे.

पॅरिश कळल्याशिवाय १८५५च्या मागे जाणे फार अवघड. त्याआधीची सारी भिस्त चर्च ऑफ स्कॉटलंडच्या रजिस्टरांवर. सर्वांत जुने पर्थशायरमधल्या एरल गावचे, १५५३पासूनचे. पण डोंगराळ हायलँड्समध्ये आणि बेटांवर कित्येक ठिकाणची रजिस्टरे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतात. दफनाच्या नोंदी तर सगळीकडेच तुटपुंज्या. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता, तेव्हा अनेकांनी नोंदच केली नाही. १८४३मध्ये चर्चमध्ये फूट पडली आणि कितीतरी कुटुंबे फ्री चर्चमध्ये गेली. त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे वेगळ्या वह्यांत शोधावे लागतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचे नाव नसेल, तर चर्चच्या पंचांची, म्हणजे कर्क सेशनची, इतिवृत्ते जरूर पाहावीत. अविवाहित आईला हे पंच बोलावून मुलाचा बाप कोण ते विचारत.

थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवण्याची चाल तिथे होती. त्यामुळे आजोबांचे नाव ओळखता येते, पण त्याच चालीमुळे एका आजोबांचे नाव तीन-चार चुलतभावांना असते, तेही एकाच पॅरिशमध्ये. अशा दोघांतला आपला कोण हे दुसऱ्या पुराव्याने ठरले नाही, तर वंशवृक्षात आम्ही नाव घालत नाही. दोन्ही नोंदी अहवालात देतो आणि शंका स्पष्ट लिहितो.

पूर्वज हिंदुस्थानातच वारला असेल, तर मुंबई इलाख्यातल्या चर्चनी लंडनला पाठवलेल्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिथल्या विवाहाच्या नोंदीत वडिलांचे नाव मिळाले, की आम्ही स्कॉटलंडमध्ये त्याच्या भावाबहिणींच्या मृत्यूच्या नोंदी शोधतो. आईवडील तेच असल्यामुळे पुढची वाट तिथून सापडते.

‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर नावांची सूची विनाशुल्क पाहता येते. मूळ पानाच्या प्रतीला पैसे पडतात, म्हणून प्रती मागवण्याआधी आम्ही आपली संमती घेतो. काम देताना जुनी पत्रे, फोटोंच्या मागचा मजकूर, बायबलमधली घरच्यांची नावे आणि थडग्यावरच्या अक्षरांचा फोटो पाठवावा. स्पेलिंग जसे असेल तसेच ठेवा, दुरुस्त करू नका.