माशाचं कोलॅजन आणि माशाचं जिलेटिन एकच नाही

ससून डॉकला, वर्सोव्याला सुरमई-रावस साफ होताना जी कातडी, खवले, काटे टाकून देतात त्यातनं कोलॅजन निघतं हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय, पण लगेच कुणीतरी म्हणतंच, अरे म्हणजे जिलेटिनच ना ते. नाही हो. कच्चा माल एकच, पण मधे उष्णता आली की वस्तूच बदलते.

कोलॅजन म्हणजे प्रोटीनच्या तीन साखळ्या, वेणीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या, आणि ती वेणी न सोडवता बाहेर काढायची यासाठीच सगळी खटपट. म्हणून काम थंडीत चालतं, साधारण ४ डिग्रीला. आधी सौम्य कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात कातडी ठेवून बाकीची प्रोटीनं काढायची, चरबी काढायची, खवले असतील तर त्यातलं कॅल्शियम वेगळं करायचं, मग पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये (व्हिनेगरमधलंच) एक-दोन दिवस ढवळत ठेवायचं, काही जण पेप्सिन (प्रोटीन कापणारं एन्झाइम) पण टाकतात, ते फक्त टोकं कापतं म्हणून वेणी शाबूत राहते आणि उतारा वाढतो. शेवटी मीठ घातलं की कोलॅजनचा साका खाली बसतो. जखमेवरच्या ड्रेसिंगला लागतं ते हे.

जिलेटिनला एवढे लाड नाहीत. कातडी धुवून ४५ ते ६० डिग्रीच्या पाण्यात काही तास ठेवली की वेणी सुटते, साखळ्या पाण्यात उतरतात, आणि गार झाल्या की अर्धवट गुंतून जेली धरतात. मुंडक्यांचं कालवण फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी थरथरतं ना, ते हेच. कॅप्सूल, जेली वगैरेला हे चालतं.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आपल्या समुद्राचं उबदार पाणी. थंड समुद्रातल्या कॉड माशाचं कोलॅजन द्रावणात १५ डिग्रीच्या आसपासच सुटायला लागतं आणि त्याचं जिलेटिन साधारण १० डिग्रीच्या खाली गेल्याशिवाय नीट धरत नाही, उलट उष्ण पाण्यातल्या माशांचं कोलॅजन बऱ्याचदा तिशीच्या आसपास टिकतं. म्हणजे आपण जे कचऱ्यात टाकतोय तो या कामाला जास्त चांगला माल आहे!

आता मेडिकलमधली 'मरीन कोलॅजन' पावडर. ती बहुतेक वेळा या दोन्हीपैकी काहीच नसते, एन्झाइमने त्याच साखळ्यांचे केलेले बारीक तुकडे, म्हणजे पेप्टाइड, असतात. थंड पाण्यात टाकून बघा, सहज विरघळली आणि फ्रीजमध्ये ठेवूनही पातळच राहिली तर पेप्टाइड, आधी फुगली, गरम केल्यावर विरघळली आणि गार झाल्यावर धरली तर जिलेटिन. अख्खं कोलॅजन साध्या पाण्यात विरघळतच नाही.

आणि हे कोलॅजन हवं असेल तर कातडी कापल्या कापल्या बर्फात गेली पाहिजे, आतडी-रक्तापासून वेगळी, कारण मुंबईच्या उन्हात टोपलीत दुपारपर्यंत पडून राहिली की बॅक्टेरिया आणि माशाचेच एन्झाइम ती कुजवायला लागतात, मग लॅब कितीही भारी असू दे, चांगलं कोलॅजन मिळणं अवघड.