आयव्हस की ओसीटी? स्टेंट परत ब्लॉक झाला की आतून काय बघतात

हृदयाच्या नळीत स्टेंट (नळी उघडी ठेवणारी धातूची जाळी) टाकून दोन-तीन वर्षं बरी गेली, आणि आता जिना चढताना परत छाती भरून येते. मिरजेत अँजिओ केली तर स्टेंटच्या आतच परत अरुंद झालंय असं निघतं आणि डॉक्टर म्हणतात, आयव्हस किंवा ओसीटीने आतून इमेजिंग करू, म्हणजे नळीच्या आतून चित्र काढू. इथे नातेवाईक गोंधळतात. मी सांगली-मिरज भागातच कॅथलॅबमध्ये (जिथे अँजिओ करतात, स्टेंट टाकतात) काम करतो, जत, कवठेमहांकाळपासून पार अथणीपर्यंतची माणसं येतात आणि बाहेर बसलेला मुलगा हमखास विचारतो, "आयव्हस आणि ओसीटी एकच ना ओ?" एकच नाही.

पण आधी हे कशासाठी करायचं ते बघू, कारण खरा मुद्दा तोच आहे. अँजिओ म्हणजे डाय (एक्सरेत दिसणारं औषध) सोडून एक्सरेवर दिसलेली नळीची सावली. किती अरुंद झालंय ते त्यात कळतं, का झालंय ते कळत नाही. आणि कारणं अगदी वेगवेगळी असतात. कधी पहिल्याच वेळी स्टेंट पूर्ण उघडलेला नसतो, बाहेरून कॅल्शियमने दाबून धरलेला असतो. कधी स्टेंट मस्त उघडलेला असतो पण आत पेशींचा थर वाढलेला असतो, किंवा त्या थरातच नव्याने चरबी साचलेली असते. अँजिओत तिन्ही सारखेच दिसू शकतात! उपाय मात्र वेगळे. न उघडलेला असेल तर जास्त प्रेशरचा कडक फुगा किंवा कॅल्शियम फोडणारा शॉकवेव्हवाला फुगा लागतो, नुसता थर वाढला असेल तर तो नीट दाबून औषध लावलेला फुगा मारून बऱ्याचदा भागतं. न उघडलेल्या स्टेंटमध्ये न बघता दुसरा स्टेंट घातला तर तोही तिथेच आवळला जातो आणि वर धातूचा अजून एक थर कायमचा. हे होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता फरक. दोन्हीत तारेवरून एक बारीक कॅथेटर नळीत जातं आणि मागे ओढत आतून चित्र काढतं. आयव्हस आवाजाच्या लहरींवर चालतं, म्हणजे सोनोग्राफीच, फक्त नळीच्या आतून. ओसीटी इन्फ्रारेड प्रकाशावर. प्रकाश रक्तातून जात नाही, कृष्णेला पूर आल्यावर गढूळ पाण्यात बॅटरी मारून तळ दिसत नाही तसं, म्हणून ओसीटी करताना डाय जोरात सोडून तेवढे दोन-चार सेकंद रक्त बाजूला सारावं लागतं. आयव्हसला ही भानगड नाही. म्हणून क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे किडनी कमजोर असलेल्या आणि डाय जपून वापरावा लागतो अशा पेशंटला आयव्हस सोयीचं, आणि स्टेंट जर मुख्य धमनीच्या अगदी तोंडाशी असेल तरी आयव्हसच, कारण तिथे रक्त नीट बाजूला होतच नाही.

ओसीटीची ताकद बारकाईत आहे. साधारण १० ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतकं बारीक दिसतं, नेहमीच्या आयव्हसमध्ये १०० ते १५० च्या आसपास. आतल्या थरात चरबी आहे का, तिच्यावरचं आवरण ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ झालंय का, गुठळी चिकटलीय का, स्टेंटची तार तुटलीय का, हे ओसीटीत जास्त स्पष्ट. कॅल्शियमचा थर किती जाड तेही ओसीटी दाखवतं, आयव्हसमध्ये कॅल्शियमच्या मागे नुसती काळी सावली पडते. पण ओसीटी खोल बघत नाही, १-२ मिलिमीटरच, आतला थर जाड असेल तर स्टेंटच्या मागची भिंत दिसतच नाही. आयव्हस ५ मिलिमीटर आणि पुढेही बघतं, म्हणजे मूळ धमनी केवढी होती आणि स्टेंट त्या मानाने लहान पडला का, हे तिथे चांगलं कळतं.

एक गोष्ट रिपोर्ट बघणाऱ्यांसाठी, कारण घोळ इथेच होतो. एकाच जागेचं माप आयव्हसमध्ये थोडं मोठं येतं. युरोपियन तज्ज्ञांनी २०१८ ला एकमताने काढलेल्या दस्तऐवजात म्हणूनच स्टेंटच्या सगळ्यात अरुंद जागेसाठी आयव्हसला ५.५ आणि ओसीटीला ४.५ चौरस मिलिमीटर अशी वेगवेगळी रेघ आहे, म्हणजे निदान एवढं उघडलेलं हवं (डाव्या मुख्य धमनीला हे लागू नाही). तेव्हा जुना रिपोर्ट आयव्हसचा आणि नवा ओसीटीचा असेल तर नुसते आकडे शेजारी ठेवून "अजून कमी झालं" म्हणून घाबरू नका.

भारी कोणतं? कोरियात २००८ पेशंटवर दोन्ही ताडून बघितले, ऑक्टिव्हस नावाची ट्रायल, २०२३ ला आली, आणि वर्षभरात ओसीटी आयव्हसपेक्षा कमी पडलं नाही. म्हणून मी घरच्यांना सांगतो, किडनी आणि जागा बघून डॉक्टर ठरवतील ते घ्या, दोन्हीपैकी काहीतरी होतंय ना एवढं बघा. खर्चाचं आधीच विचारा, स्टेंटच्या किमतीवर सरकारने २०१७ ला मर्यादा आणली पण इमेजिंगचं कॅथेटर त्यात येत नाही. आणि येताना जुनी अँजिओची सीडी आणि स्टेंटचं स्टिकर असलेला कागद घेऊन या, स्टेंट ३ मिलिमीटर रुंदीचा होता की २.५ चा हे माहीत असलं की तो किती उघडलाय ते लगेच ताडता येतं.