संगणक मंडळे, सेवाभावी (गोवा)

संगणकाची आवड असलेले विद्यार्थी, अभियंते व हौशी जाणकार एकत्र येतात आणि जिथे हे तंत्र पोचलेले नाही अशा शाळांत, वाड्यांवर मोबदला न घेता यंत्रे बसवतात, ती चालवायला शिकवतात. या प्रघाताला सेवाभावी संगणक मंडळ म्हणता येईल. गोव्यात त्याला अभियांत्रिकी महाविद्यालये, राष्ट्रीय सेवा योजनेची पथके, लिनक्स ही मोफत, मुक्त संगणकप्रणाली वापरणाऱ्यांचे गट आणि परदेशस्थ गोमंतकीय यांचा आधार मिळाला.

उगमाबद्दल दोन मते मांडली जातात. पहिल्या मतानुसार याचे मूळ अमेरिकेतील हौशी मंडळांत आहे. तिथे 1966 मध्ये हौशी संगणककारांची एक संस्था निघाली आणि 1975 मध्ये कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्कच्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक भरली. मात्र हे सभासद मुख्यतः स्वतःसाठी यंत्रे जुळवत होते. लोकांसाठी संगणक हा विचार 1973 मध्ये बर्कलीच्या एका रेकॉर्डच्या दुकानात ठेवलेल्या ‘कम्युनिटी मेमरी’ या सार्वजनिक संगणकी सूचनाफलकाच्या टर्मिनलमध्ये आणि 1993 मध्ये बॉस्टनला मुलांसाठी सुरू झालेल्या कॉम्प्युटर क्लबहाऊसमध्ये अधिक स्पष्ट दिसतो. दुसरे मत या प्रघाताला 1969 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेशी आणि पुढे मुक्त सॉफ्टवेअर (कोणालाही वापरता, बदलता व वाटता येणाऱ्या आज्ञावलींच्या) चळवळीशी जोडते. गोव्यापुरते दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. येथील आरंभीचा ठळक प्रयत्न ‘गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्ट’ हा होय. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात उभ्या राहिलेल्या या उपक्रमात परदेशस्थ गोमंतकीय व स्थानिक स्वयंसेवकांनी वापरलेले संगणक शाळांपर्यंत नेले. त्याची प्रेरणा शाळा हीच होती. यंत्राची हौस मागाहून आली.

जुन्या यंत्रांवर काम भागवण्याची युक्ती या चळवळीचा कणा ठरली. 1999 च्या सुमारास आलेल्या ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’ या प्रणालीत खोलीतला एकच बऱ्यापैकी ताकदीचा संगणक सर्व्हर होतो आणि बाकीची यंत्रे त्याच्या आधाराने चालतात. त्यांना हार्ड डिस्क लागत नाही; फ्लॉपीवरून किंवा नेटवर्क कार्डावरील चिपवरून ती सुरू होतात आणि प्रणाली तारेवाटे सर्व्हरकडून उचलतात. परवान्याचा खर्च नाही, विषाणूंचा उपद्रव कमी, दुरुस्ती एकाच ठिकाणी. उणीव एवढीच की सर्व्हर बसला की सगळा वर्ग बसतो. म्हणून जिथे मुख्याध्यापक किंवा एखादी शिक्षिका स्वतः यंत्र उघडायला शिकली, तिथेच या खोल्या टिकल्या. किती संगणक वाटले या आकड्यापेक्षा हीच कसोटी महत्त्वाची मानली पाहिजे.

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे 3000 मिमी पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर बंद राहिलेल्या संगणकखोलीत दमट हवा आपले काम करते. रॅमच्या (तात्पुरत्या स्मृतीच्या) पट्टीचे पाय काळवंडतात. ती काढून, पाय खोडरबराने पुसून परत बसवली की बंद पडलेले यंत्र पुष्कळदा सुरू होते. दुसरे नेहमीचे दुखणे म्हणजे मदरबोर्डावरील नाण्याएवढा सेल. तो संपला की संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि मग सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. शाळेला वाटते नेट गेले. प्रत्यक्षात सेल बदलून तारीख लावली की काम होते.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत गावोगावी ज्या प्राथमिक शाळा निघाल्या, त्या बहुतांशी मराठी माध्यमाच्या होत्या. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली व मराठीच्या शासकीय वापरालाही मुभा मिळाली. म्हणजे दोन्ही भाषांच्या मुलांना देवनागरीच हवी, आणि कळफलक मात्र रोमन. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळमांडणीत व्यंजने उजव्या हाताला व स्वर-मात्रा डाव्या हाताला असल्याने ती मुलांना लवकर बसते : ‘गोवा’ लिहायला आय, ए, बी, ई या चारच कळा पुरतात. जुन्या फॉन्टांवर सराव झालेल्या शिक्षकांची अडचण ऱ्हस्व वेलांटीपाशी होते. तिथे ती अक्षराच्या आधी दाबावी लागे; युनिकोड या आजच्या सार्वत्रिक अक्षरसंकेतात आधी ‘क’, मग वेलांटी. कळांवर देवनागरी चिकटपट्ट्या लावण्याचे साधे काम कोणत्याही मंडळाने पहिल्याच दिवशी करावे.

शासकीय योजनांशी या मंडळांची गल्लत करू नये. 2002 च्या सुमारास सुरू झालेल्या सायबरएज योजनेत अकरावीच्या विद्यार्थ्यांना संगणक मिळाले. 2021 च्या सुमारास शाळांत कोडिंग व रोबोटिक्स शिकवण्याची ‘केअर्स’ योजना आली. योजना यंत्र व अभ्यासक्रम देते, पण शनिवारी दुपारी मुलाशेजारी बसणारे माणूस मंडळाकडूनच येते. फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय (1967), झुआरीनगरचे बिट्स पिलानीचे संकुल (2004) अशा संस्थांमुळे तिसवाडी, फोंडा, मुरगाव या बाजूंना असे माणूस मिळणे सोपे; सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांना ते दुर्मीळ. 2020 च्या टाळेबंदीत सांगे तालुक्यातील नेत्रावळी परिसरातील मुले नेटवर्कसाठी डोंगर चढत होती. तेथे आधी मोबाइलचा मनोरा हवा होता, संगणक नंतर.

मोबाइल स्वस्त झाल्यावर कामाचे स्वरूप पालटले : बचत गटातील महिलांना डिजिटल देयके, ज्येष्ठांना ऑनलाइन अर्ज व फसवणुकीचे फोन ओळखणे. दुरुस्तीपलीकडे गेलेली यंत्रे भंगारवाल्याला न देता ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे सोपवावी लागतात. त्याआधी हार्ड डिस्क पुसणे ही मंडळाची जबाबदारी.