फॉरमॅट मारण्याआधी

एप्रिलच्या शेवटी खानापुरात वळीव झोडपून गेला. आत्याच्या घरची लाईट गेली, आली, पुन्हा गेली. त्याच वेळी तिच्या संगणकावर विंडोजचं अपडेट बसत होतं. भजनी मंडळासाठी ती अभंग टाइप करून ठेवते, ती फाइलही उघडीच होती. रात्री बेळगावला मला फोन आला. "अरे, स्टार्टवर क्लिक केलं तर काय पण होईना बघ. दुकानवाला म्हणतोय, फॉरमॅट मारायला लागतंय. माझे अभंग जातील की रे!"

एक कौल फुटलं म्हणून कुणी सगळं छप्पर उतरवत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपल्याकडे सर्रास तेच होतं, आणि घरोघरचे फोटो, हिशेब, पत्रं त्यात जातात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

लाईट गेल्यावर आत नेमकं काय होतं? आपण सेव्ह केलेला मजकूर त्याच क्षणी डिस्कवर पोचतोच असं नाही. तो आधी मेमरीत थांबतो आणि विंडोज तो सवडीने खाली उतरवते. डिस्कवरची जागा साधारणपणे ४,०९६ बाइटांच्या खणांत वाटलेली असते. पन्नास खण लिहायचे असताना तिसाव्याला लाईट गेली, तर ती फाइल अर्धी नवी, अर्धी जुनी राहू शकते. विंडोजची फाइल-व्यवस्था, म्हणजे एनटीएफएस, एक रोजकीर्द ठेवते आणि लाईट आल्यावर ती वाचून हिशेब जुळवते. पण त्या रोजकीर्दीत कुठली फाइल कुठल्या खणांत आहे एवढीच नोंद असते. खणातला मजकूर धड आहे का, हे तिला कळत नाही.

ते कळण्यासाठी वेगळी सोय आहे. १९९० च्या दशकात कुठलाही नवा प्रोग्राम विंडोजच्या डीएलएल फाइलींवर, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशा सामाईक फाइलींवर, आपलीच आवृत्ती चढवायचा आणि दुसरे प्रोग्राम बंद पडायचे. म्हणून विंडोज २००० पासून सिस्टिम फाइलींवर पहारा बसला, आणि व्हिस्टापासून तो इतका कडक झाला की संगणकाच्या मालकालाही त्या फाइली सहज बदलता येत नाहीत. सोबत विंडोजच्या फोल्डरमध्येच 'विनएसएक्सएस' नावाचं कोठार असतं. त्यात प्रत्येक सिस्टिम फाइलचा २५६ बिटांचा ठसा नोंदलेला असतो. हा ठसा फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढतात, आणि मजकुरातला एक बिट जरी बदलला तरी ठसा पार बदलतो. हातातला उतारा आणि दप्तरातली नोंद ताडून पाहावी, तसं 'एसएफसी' हे विंडोजचंच साधन एकेका फाइलचा ठसा ताडत जातं. जुळला नाही, तर कोठारातली चांगली फाइल तिच्या जागी बसवतं.

इथे एक खोच आहे. बऱ्याच सिस्टिम फाइलींची कोठारातली आणि बाहेरची प्रत वेगळी नसतेच. डिस्कवरच्या एकाच मजकुराला दिलेली ती दोन नावं असतात. तो मजकूर नासला की दोन्हीकडे नासतो, आणि एसएफसी हात टेकतं: बिघाड सापडला, पण काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत. अशा वेळी 'डीआयएसएम' लागतं. त्याची ही दुरुस्ती विंडोज ८ पासून आली. ते नासलेले तुकडे मायक्रोसॉफ्टकडून ताजे आणून आधी कोठार नीट करतं, म्हणून त्याला इंटरनेट लागतं. मोबाईलचा हॉटस्पॉट पुरतो.

आत्याचा स्टार्ट उघडत नव्हता, म्हणून मी फोनवर तिला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायला सांगितली. टास्क मॅनेजर उघडला. त्यातून 'रन न्यू टास्क', तिथे सीएमडी, आणि खालच्या ॲडमिनिस्ट्रेटरच्या चौकोनात टिक. काळी खिडकी आली. त्यात इंग्रजी अक्षरांत, प्रत्येक तिरक्या रेघेआधी एक जागा सोडून, तिने टाइप केलं: डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ. आकडा बासष्ट टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबला. तो तिथे पुष्कळदा थांबतो आणि माणसं घाबरून खिडकी बंद करतात. तसं करू नका, चहा करून प्या. शंभर झाल्यावर तिने एसएफसी /स्कॅननाऊ चालवलं. शेवटी ओळ आली, बिघडलेल्या फाइली सापडल्या आणि दुरुस्त झाल्या.

या सगळ्याआधी डिस्कची तब्येत पाहावी. सीएचकेडीएसके सी: /स्कॅन ही आज्ञा विंडोज चालू असतानाच तपासणी करते. डिस्क टकटक वाजत असेल किंवा एकेक फाइल उघडायला मिनिटं लागत असतील, तर दुरुस्तीच्या फंदात न पडता आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा. मरणाऱ्या डिस्कला तासन्‌तास तपासायला लावलं की ती त्यातच जाते. लाईट न जाताही फाइली वारंवार बिघडत असतील, तर मेमरीवर संशय घ्यावा. विंडोजची स्वतःची मेमरी चाचणी त्यासाठी असते.

'अमुक डीएलएल सापडत नाही' असं आलं, तर ती एकटी फाइल भलत्या साइटवरून उतरवू नका, तिच्यासोबत व्हायरस येऊ शकतो. व्हीसीरनटाइम१४० सारखी नावं असतील तर ती सिस्टिम फाइल नव्हेच. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ चं पॅकेज त्यांच्याच साइटवरून बसवलं की झालं.

आणि विंडोज सुरूच होत नसेल? दोन-तीनदा अडखळल्यावर बहुधा दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तिथल्या रीसेटमध्ये 'माझ्या फाइली ठेवा' हा पर्याय असतो. प्रोग्राम जातात, फाइली राहतात.

आत्याने संगणक बंद करून चालू केला. स्टार्ट उघडला. अभंगांची फाइलही उघडली, पण त्या संध्याकाळी टाइप केलेले शेवटचे चार अभंग त्यात नव्हते. विंडोजच्या फाइलींसाठी कोठार आहे, ताजा तुकडा पाठवणारं कुणी आहे. त्या चार अभंगांची प्रत फक्त आत्याच्या वहीत होती. तिने चष्मा लावला, वही उघडली आणि पुन्हा टाइप करायला बसली. पेनड्राइव्ह कुठला घ्यावा, हे तिने मला त्याच फोनवर विचारून घेतलं.