आमिश रोमान्स आमिश बायकाच लिहितात? नाही हो

पांढरी टोपी घातलेली मुलगी, मागे शेत नाहीतर घोडागाडी, अशी कव्हरं बघितली की कुणीतरी हमखास सांगतं, ह्या आमिश लोकांच्या, म्हणजे मोटारी-वीज टाळून जुन्या पद्धतीने राहणाऱ्या अमेरिकेतल्या ख्रिश्चन पंथाच्या, प्रेमकथा आमिश बायका स्वतःच्या आयुष्यावर लिहितात. तसं नाहीये. बहुतेक लेखिका आमिश नसतात, इव्हँजेलिकल, म्हणजे येशूशी वैयक्तिक नात्यावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिश्चन असतात आणि वाचकवर्गही मुख्यतः तोच. लाट आली ती बेव्हर्ली लुईसच्या १९९७ च्या 'द शनिंग'पासून, आणि ही बाई वाढली पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरला, म्हणजे आमिश वस्तीच्या अगदी शेजारी, आजी ओल्ड ऑर्डर मेनोनाइट (आमिशांसारखाच जुन्या वळणाचा पंथ) घरात वाढलेली, पण स्वतः आमिश नाही.

फरक गोष्टीतही दिसतो बरं का. नायिकेला येशूशी पर्सनल नातं सापडतं, आपलं तारण झालंच, म्हणजे पापातून सुटका होऊन स्वर्ग नक्की, अशी खात्री मिळते, आणि तिथे सगळं गोड होतं. पण जुन्या वळणाच्या आमिश लोकांना असं छातीठोक म्हणणं म्हणजे गर्व वाटतो, ते फक्त आशा ठेवतात! वाचायला मजा येते हे खरं, मीही वाचते, फक्त माहितीपट समजू नका. खरंच आमिश लेखिका हवी असेल तर लिंडा बायलर आहे, ती स्वतः आमिश आहे.