पेस्ट केलेल्या मजकुरासोबत काय काय येतं

दिवाळी अंकासाठी लेख यायला लागले की संपादकाच्या संगणकावर एक ओळखीचा पसारा सुरू होतो. कुणी वर्डची फाइल पाठवतं, कुणी ई-मेलमध्येच मजकूर टाकतं, कुणाचा लेख व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यांनी येतो. हे सगळं एका फाइलमध्ये पेस्ट केलं की एक परिच्छेद करड्या पार्श्वभूमीवर दिसतो, दुसऱ्याची अक्षरं मोठी, तिसऱ्याच्या ओळी विरळ. मग ते निस्तरण्यात संध्याकाळ जाते. हे का होतं ते एकदा समजून घेतलं, तर वेळ वाचतोच, शिवाय मराठीच्या बाबतीत मजकूर हातचा जाण्याचा धोकाही टळतो.

आपण कंट्रोल-सी दाबतो तेव्हा क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवण्याच्या संगणकातल्या जागेत, त्याच मजकुराची अनेक रूपं एकाच वेळी ठेवली जातात. वर्डमधून कॉपी केलं तर साधा मजकूर, आरटीएफ (रंग-आकारासह मजकूर साठवण्याची एक पद्धत), एचटीएमएल (वेबपानांची भाषा) अशी सगळी रूपं तिथे असतात. ब्राउझरमधून केलं तर साधा मजकूर आणि एचटीएमएल. विंडोजवर या एचटीएमएल रूपाला मजकूर कुठल्या वेबपानावरून उचलला त्याचा पत्ताही जोडलेला असू शकतो. यांपैकी कोणतं रूप घ्यायचं ते पेस्ट करून घेणारा प्रोग्रॅम ठरवतो. साध्या एडिटरला फक्त अक्षरं कळतात, तो तेवढीच घेतो. वर्डला सगळं कळतं, म्हणून वेगळं काही सांगितलं नाही तर तो रंग, आकार, समास असा बराच ऐवज आत घेतो.

कापणं-चिकटवणं हे मुळात संपादकांसाठीच घडवलं गेलं. १९७४-७५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत लॅरी टेसलर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ हा प्रोग्रॅम लिहिला, तो एका पाठ्यपुस्तक प्रकाशनाच्या संपादकांकरता. कात्री आणि गोंद घेऊन हस्तलिखितं जुळवणारी ती माणसं. त्यांच्या कामाच्या पद्धतीवरूनच हे शब्द पडद्यावर आले.

वर्डमध्ये पेस्ट केल्यावर मजकुराच्या शेवटी जो छोटा चौकोन उमटतो, त्याकडे बहुतेक जण लक्षच देत नाहीत. त्यात मुख्य पर्याय तीन. ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ मूळचं रूप जसंच्या तसं ठेवतो. ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ फक्त अक्षरं ठेवतो. चित्रं गळतात आणि तक्त्याच्या चौकटी जातात. आणि ‘मर्ज फॉरमॅटिंग’ आपल्या फाइलचा फॉन्ट व आकार लावतो, पण वाक्यात मध्येच एखादा शब्द ठळक किंवा तिरपा असेल तर ते जपतो. लेखांच्या संपादनाला माझ्या मते हा मधला मार्गच सर्वांत चांगला, कारण लेखकाने मुद्दाम ठळक केलेला शब्द हा त्याच्या म्हणण्याचाच भाग असतो. तो पुसण्याचा हक्क घाईत केलेल्या पेस्टला नाही.

नुसता मजकूर हवा असेल तर नव्या वर्डमध्ये आणि गूगल डॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही, लिब्रेऑफिस रायटरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-व्ही. जुन्या वर्डमध्ये ‘पेस्ट स्पेशल’ उघडावं लागतं आणि तिथे मराठी माणसाने डोळे उघडे ठेवावेत. यादीत ‘अनफॉरमॅटेड टेक्स्ट’ आणि ‘अनफॉरमॅटेड युनिकोड टेक्स्ट’ असे दोन जुळे पर्याय दिसतात. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत. पहिल्या पर्यायात देवनागरीला जागाच नसू शकते. तसं झालं तर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग मिळते.

पेस्ट करताना आणखी एक गोष्ट नजरेआड राहते. वर्डमध्ये परिच्छेदाची मांडणी, म्हणजे ओळींमधलं अंतर, समास, डावी-उजवी बाजू, हे सगळं परिच्छेदाच्या शेवटच्या अदृश्य खुणेत साठवलेलं असतं. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबलं की ती खूण दिसते. कॉपी करताना ती खूण निवडीत आली तर मांडणीही सोबत येते. शेवटच्या पूर्णविरामापाशी थांबलो तर सहसा येत नाही. एकाच लेखातले दोन परिच्छेद पेस्ट केल्यावर वेगळे का वागतात, याचं उत्तर बरेचदा एवढंच असतं.

मराठी मजकुराचा आकार मात्र आणखी एका कारणाने बिघडतो. वर्डच्या फाइलमध्ये प्रत्येक तुकड्यासाठी रोमन अक्षरांचा फॉन्ट वेगळा नोंदवता येतो आणि देवनागरी, अरबीसारख्या लिपींचा वेगळा. आकारही दोन, आणि तेसुद्धा अर्ध्या पॉइंटात मोजलेले: बारा पॉइंटचं अक्षर आत २४ म्हणून लिहिलेलं असतं. बाहेरून आलेल्या मजकुरात या दोन नोंदी जुळत नसल्या की ‘इस्रो’ देवनागरीत लिहिलं तर लहान आणि रोमनमध्ये लिहिलं तर मोठं दिसतं. कंट्रोल-डी दाबून फॉन्टची खिडकी उघडली की ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ हा वेगळा कप्पा सापडतो. तो दिसण्यासाठी भाषांच्या यादीत मराठी किंवा हिंदी घेतलेली असावी लागते. दोन्ही कप्पे एकदाच स्टाइलमध्ये, म्हणजे वर्डमध्ये नाव देऊन साठवलेल्या मांडणीत, पक्के करून ठेवावेत आणि पेस्ट करताना मजकूर त्या स्टाइलमध्ये घ्यावा. ओळीओळीला हाताने आकार लावण्यापेक्षा हे कितीतरी भक्कम.

आता तो धोका. ‘आधी फॉरमॅटिंग काढून टाका’ हा सल्ला युनिकोड मजकुरात तरी अक्षरांना इजा करत नाही. युनिकोडमध्ये ‘म’ हा ‘म’च असतो, त्याला स्वतःचा क्रमांक आहे, फॉन्ट मंगल असो वा निर्मला. पण आपल्याकडे कितीतरी वर्षं अक्षरजुळणी झाली ती कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या फॉन्टमध्ये. आजही अनेक डीटीपीवाल्यांकडे, पतसंस्थांच्या अहवालांत, जुन्या स्मरणिकांच्या फाइलींत तोच मजकूर आहे. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ असं दिसत असलं तरी फाइलमध्ये असतात इंग्रजी अक्षरं: ई, जे, के, मग कॅपिटल बी आणि शेवटी लहान एच. ती मराठी दिसतात फक्त फॉन्टमुळे. म्हणजे इथे फॉन्टचं नाव हे नुसतं रूप नाही. वाचायची किल्लीच ती आहे. ‘टेक्स्ट ओन्ली’ म्हटलं की किल्ली गेली. समोर रोमन अक्षरांचा खिचडा उरतो.

पुन्हा सगळं निवडून कृतिदेव लावला की मराठी परत येते, हे खरं. पण त्या लेखात मध्येमध्ये खरोखरचे इंग्रजी शब्द, सूत्रं, वेबपत्ते असतील तर तेही आता देवनागरी अक्षरांच्या निरर्थक माळा होतात. कुठलं इंग्रजी खरं आणि कुठलं मराठीचं सोंग, हे सांगणारी एकमेव खूण म्हणजे फॉन्टचं नाव, आणि तीच आपण पुसलेली असते. विज्ञानाच्या लेखात, जिथे एककं आणि रासायनिक सूत्रं पानोपानी असतात, हे नुकसान फार मोठं आहे.

म्हणून आधी तपासणी. एका शब्दाचा फॉन्ट बदलून निर्मला करून पाहावा, किंवा तो शब्द ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत टाकावा. मराठीच राहिला तर युनिकोड. बदलला तर मजकूर मूळ फॉरमॅटिंगसह ठेवायचा, त्याच फॉन्टसाठी केलेल्या परिवर्तकातून, म्हणजे मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून, तो युनिकोडमध्ये आणायचा आणि मगच साफसफाई. श्रीलिपीचा परिवर्तक कृतिदेवला चालत नाही, कारण प्रत्येकाची अक्षरांची वाटणी निराळी. शिवाय क्रमही उलटा: कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिलेली असते, युनिकोडमध्ये नंतर, ‘कर्म’मधला रफार तिथे ‘म’च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. परिवर्तनानंतर पहिल्या दोन पानांवरच्या वेलांट्या आणि रफार डोळ्यांखालून घालावेतच.

पीडीएफमधून उचललेल्या मराठीचं दुखणं याच जातीचं. पीडीएफ मुख्यतः कागदावर कोणती आकृती कुठे छापायची ते लिहून ठेवतं. आकृतीवरून मूळ अक्षर ओळखण्याचा तक्ता फाइलमध्ये असेल तर कॉपी ठीक येते, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटतात. अशा मजकुरावर पेस्टचा कोणताही पर्याय चालत नाही. लेखकाला फोन करून मूळ फाइल मागवावी, आणि ती मिळतच नसेल तर पानाचं चित्र करून ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने, वाचून घ्यावं.