किडनीच्या रुग्णाची दाढ दुखते तेव्हा

दाढ ठणकायला लागली की रात्र निभावण्यापुरती घरातली दुखण्यावरची गोळी घ्यायची, ही सवय आपल्याकडे घरोघरी आहे. धडधाकट माणसाला ती बहुधा खपून जाते. मूत्रपिंड अधू झालेल्या माणसाचे तसे नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक ही औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होऊ देत नाहीत, म्हणून वेदना थांबते. पण आजारी मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या याच प्रोस्टाग्लँडिनच्या आधाराने मोकळ्या राहिलेल्या असतात. तो आधार गेला की त्या आकसतात, रक्तपुरवठा घटतो आणि रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य, चढते. अशा रुग्णांसाठी सहसा पॅरासिटामॉल निवडतात, तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच.

म्हणूनच दाताच्या खुर्चीत बसण्याआधी ‘मला किडनीचा आजार आहे’ हे न विचारताही सांगायला हवे. दाताचा आणि किडनीचा काय संबंध, असे वाटून अनेक जण गप्प राहतात.

संबंध तर लाळेपासूनच सुरू होतो. मूत्रपिंडे युरिया बाहेर टाकेनाशी झाली की तो रक्तात साठतो आणि लाळेतही उतरतो. तोंडातले जंतू त्याचे अमोनियात रूपांतर करतात. श्वासाला येणारा उग्र दर्प आणि जिभेवरची धातूसारखी चव याचीच. कितीही घासले तरी तो दर्प पुरता जात नाही, हे घरच्यांनीही समजून घ्यावे. त्यात रुग्णाच्या अस्वच्छतेचा दोष नसतो. अमोनियामुळे लाळ अल्कधर्मी होते, त्यामुळे किडनीचा आजार असलेल्या मुलांच्या दातांत कीड कमी आढळल्याच्या नोंदी आहेत. पण त्याच लाळेत दातांवर कीटण मात्र लवकर जमते आणि हिरड्या सुजतात. त्यात पाणी मोजून प्यायचे असल्याने तोंड सतत कोरडे. बिनसाखरेचे च्युइंगगम चघळल्याने लाळ सुटते आणि तहान जरा सुसह्य होते.

डायलिसिसवरच्या रुग्णाची दाढ काढायची असेल तर दिवस नीट निवडावा लागतो. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. त्याचा परिणाम काही तास टिकतो. शिवाय साठलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एकमेकींना नीट चिकटत नाहीत, रिपोर्टात त्यांची संख्या ठीक असली तरीही. त्यामुळे सहसा डायलिसिस झाल्याच्या नंतरचा दिवस निवडतात: हेपारिन उतरलेले असते, रक्त त्यातल्या त्यात स्वच्छ असते आणि रुग्णाचा थकवाही ओसरलेला असतो. आणि फिश्चुला (डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी) ज्या हातावर आहे, त्या हाताला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधू द्यायचा नाही. डॉक्टर घाईत असले तरी रुग्णाने हे स्पष्ट सांगावे. तो हात म्हणजे त्याची जीवनवाहिनी.

प्रत्यारोपणानंतर चित्र बदलते. 1954 मध्ये बोस्टनला पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, त्यामुळे शरीराने किडनी नाकारण्याचा प्रश्नच आला नाही. इतर सर्वांना मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. त्यातल्या सायक्लोस्पोरिनने असंख्य प्रत्यारोपणे तारली; पण ते घेणाऱ्या काहींच्या हिरड्या वाढू लागतात. सुरुवात बहुधा पुढच्या दातांमधल्या हिरडीच्या टोकांपासून होते, नंतर दात अर्धेअधिक झाकले जातात. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन किंवा निफेडिपिन चालू असेल तर ही वाढ आणखी बळावते. दातांवर थर साचला असेल तर आणखीच. लहान मुलांत आणि किशोरवयात हे जास्त दिसते. त्या वयात हसताना तोंडावर हात धरावा लागणे किती जाचक असते, हे वेगळे सांगायला नको. नियमित सफाईने फरक पडतो. गरज पडल्यास किडनीचे डॉक्टर त्याऐवजी टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्याच दुसऱ्या औषधावर आणू शकतात, त्याने हिरड्या क्वचितच वाढतात. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे म्हणजे मिळालेली किडनी पणाला लावणे.

टॅक्रोलिमसचीही एक अडचण आहे. दाताच्या संसर्गावर क्लॅरिथ्रोमायसिन किंवा तोंडातल्या बुरशीवर फ्लुकोनॅझोल दिले, तर टॅक्रोलिमसचे विघटन मंदावते, रक्तातली पातळी चढते आणि नव्या किडनीलाच इजा होऊ शकते. दंतवैद्याने चिठ्ठी लिहिण्याआधी किडनीच्या डॉक्टरांना एक फोन करावा, असा आग्रह रुग्णाने जरूर धरावा.

दाताची सगळी कामे उरकण्याची उत्तम वेळ मात्र प्रत्यारोपणाच्या आधीची. किडलेली दाढ, मुळाशी साचलेला पू, हलणारे दात यांचा निकाल तेव्हाच लागलेला बरा, कारण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत औषधांचा जोर सर्वांत जास्त असतो आणि तातडीचे नसलेले दातांचे काम पुढे ढकलले जाते. आपल्याकडे दात्याच्या आणि रुग्णाच्या तपासण्यांची धावपळ, समितीची मंजुरी, पैशांची जुळवाजुळव यात महिने जातात. त्याच महिन्यांत तोंडाची तपासणी बसवावी आणि मशेरी-तंबाखूही तेव्हाच सुटावी: प्रतिकारशक्ती दाबलेल्या शरीरात ओठांच्या आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका मुळातच वाढलेला असतो.